दारातला आंबा कोणता लावावा?

मृगाचा पाऊस पडला, की रोपे विकणारे दारोदार फिरू लागतात. कुणाच्या सायकलला टोपली बांधलेली असते, कुणाचा टेम्पो असतो. त्यात गुलाब असतो, मोगरा असतो, कढीलिंब असतो, पेरू-चिकू असतात, आणि आंबा तर हटकून असतो. आपण विचारतो, "आंबा कोणता रे?" तो सांगतो, "अस्सल हापूस!" दुसरे नाव त्याच्या तोंडून सहसा निघत नाही. गिऱ्हाइकाला दुसरे नाव नको असते, हे त्याला चांगले ठाऊक आहे.

आमच्या वडिलांनी असाच एक आंबा घेतला होता. आमचे घर बार्शीकडचे. घरामागे लहानसे परस. एका कडेला गोठा, दुसऱ्या कडेला न्हाणीचे पाणी जायचा पाट. मध्ये मोठे झाड लावायला जागा एकच. आई म्हणाली, "अहो, लोणच्याचा आंबा घ्या. दर साल कैऱ्या विकत आणाव्या लागतात." वडील म्हणाले, "अगं, लावायचाच तर हापूस लावू. कैऱ्या काय, बाजारात मिळतात." वडिलांचेच खरे झाले. हापूस आला आणि लागला.

पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या शेळीने तो शेंड्यापासून खाल्ला. उरली वीतभर काठी. सगळे हळहळले. पण वळवाचा पाऊस पडला आणि त्या काठीला बुडातून लालचुटूक पाने फुटली. "झाड वाचलं गं!" म्हणून आम्ही पोरांनी घर डोक्यावर घेतले. आईने त्या दिवशी झाडाला हळदकुंकू वाहिले.

झाड जोमाने वाढले. चार वर्षे झाली, पाच झाली, सात झाली, मोहोराचा पत्ता नाही. नवव्या वर्षी मोहोर आला. कैऱ्या धरल्या. वडील रोज सकाळी त्या मोजायचे. पाड लागल्यावर अढी घातली. पहिला आंबा देवापुढे ठेवला, मग कापायला घेतला. कापतो कसला! सुरी दोऱ्यांत अडकली. बाठा मुठीएवढा, त्याभोवती नखभर गर, आणि तोही आंबट. वडील काही बोलले नाहीत. हात धुऊन उठले. पुढे कित्येक दिवस ते परसात फिरकले नाहीत.

नऊ वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. ज्वारीचे बी चुकले तर एक हंगाम जातो. झाड चुकले तर आयुष्याचा एक तुकडा जातो. ज्याला एकाच झाडापुरती जागा आहे त्याने तर फारच विचार करायला हवा. त्याला दुसरी संधी लवकर मिळत नाही.

आता आमचे काय चुकले ते सांगतो. त्यासाठी कलम म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

गोड आंबा खाल्ला आणि त्याची कोय पुरली, तर तसाच गोड आंबा येईल का? बहुधा येणार नाही. मोहोरावर माश्या बसतात. त्या या झाडाचे पराग त्या झाडावर नेतात. म्हणून कोयीतल्या रोपात आईकडचे थोडे असते आणि कुठल्या तरी अनोळखी बापाकडचे थोडे असते. एका आईची चार मुले सारखी नसतात, तसेच हे. कोयीपासून वाढलेल्या अशा झाडाला आपण रायवळ म्हणतो. गावोगाव रायवळ आंब्यांना नावे असतात. कुठे शेप्या, कुठे केळ्या, कुठे खोबऱ्या, कुठे गोटी. एका बांधावरचा शेप्या दुसऱ्या बांधावर सापडत नाही. रायवळ वाईट असतो असे मात्र समजू नका. चोखून खायला एखादा रायवळ असा असतो, की त्याच्यापुढे विकतचा आंबा फिका वाटावा. पण तो नशिबाचा भाग. कोय पुरणे म्हणजे लॉटरीचे तिकीट घेणे, आणि तिकिटाचा निकाल सात-दहा वर्षांनी.

कलमात नशीब नसते. ज्या झाडाचे फळ आपण चाखले, त्याच झाडाची काडी घ्यायची आणि ती कोयीच्या रोपावर बसवायची. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. वर बसवतात ती कलमकाडी. खुंट मुळे देतो, काडी फळ देते. फळ काडीच्या झाडासारखे येते, खुंटासारखे नाही. पूर्वी भेट कलम बांधत. कुंडीतले रोप आंब्याच्या झाडापाशी नेऊन दोघांच्या फांद्या थोड्या तासून एकत्र बांधायच्या. आता कोय कलम अधिक करतात. कोय रुजून दोन आठवड्यांचे कोवळे रोप झाले, की त्याचा शेंडा छाटतात, देठ मधोमध चिरतात, आणि काडीला पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतात. काही दिवसांत जीव एक होतो.

पण दोन जीव एक झाले, तरी खुंट आपला स्वभाव सोडत नाही. संधी मिळाली की तो जोडाच्या खालून स्वतःचे धुमारे काढतो. ते धुमारे रायवळाचे असतात, आणि ते फार जोमाने वाढतात.

आता ध्यानात आले ना? आमच्या शेळीने खाल्ली ती हापूसची काडी. बुडातून फुटला तो खुंट. आम्ही ज्याला हळदकुंकू वाहिले तो रायवळ होता! कलम चार-पाच वर्षांत फळावर येते. आमच्या झाडाला नऊ वर्षे लागली, तेव्हाच खरे तर कळायला हवे होते. त्या रोपवाल्याला वडिलांनी नऊ वर्षे शिव्या दिल्या. त्याने फसवले होते की नाही, देव जाणे. फसवायला शेळीने त्याला वेळच दिला नाही.

बरे, समजा शेळीने ते कलम खाल्ले नसते. अस्सल हापूस वाढला असता. तर वडिलांचा हेतू साधला असता का? मला शंका आहे. ती का, ते सांगतो.

हापूस हे नाव आले गोव्याकडून. पोर्तुगीजांच्या अमलात तिथे आंब्याची कलमे बांधण्याची कला वाढली. १५१० साली गोवा जिंकणारा आफोंसो द आल्बुकर्क, त्याच्या नावावरून आफूस आणि मग हापूस झाले असे सांगतात. हा आंबा वाढला, नावारूपाला आला तो कोकणात. तिथली तांबडी, जांभ्याची, पाण्याचा निचरा होणारी जमीन त्याला मानवली. समुद्राची दमट हवा आणि सौम्य थंडी मानवली. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे या मुलखातला हापूस तो हापूस, असे सरकारदरबारी ठरले.

घाट चढून देशावर आले, की हापूसचे झाड वाढते, हिरवेगार दिसते, पण फळ हात राखून देते. कोकणातसुद्धा हापूस दर साल सारखा पिकत नाही. एका वर्षी भरपूर लागला, की दुसऱ्या वर्षी थोडा. बागाइतदाराची झाडे शंभर असतात, त्याचे कसेबसे भागते. आपल्या घरी झाड एक. ते रुसले, की त्या वर्षी घरात आंबा नाही.

हापूसमध्ये आणखी एक खोट आहे. फळ बाहेरून देखणे, वास घमघमाट. कापले, की आत बाठ्याजवळ पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. याला साका म्हणतात. बाहेरून तो मुळीच कळत नाही. जमिनीची धग लागली, काढलेले फळ उन्हात पडून राहिले, की साका वाढतो. म्हणून आंबे सकाळी किंवा संध्याकाळी उतरवावेत, लगेच सावलीत न्यावेत आणि झाडाखाली पालापाचोळा पसरलेला असावा. एवढे सगळे करूनही थोडा साका निघतोच.

हे वाचून कोकणातले वाचक माझ्यावर रागावतील. रागावू नका. तुमच्या दारात हापूसच शोभतो. मी बोलतो आहे ते देशावरच्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या परसाबद्दल. नुसत्या नावावर भुलू नये, एवढेच म्हणणे. गोव्यात मानकुराद नावाचा आंबा आहे. पोर्तुगीज भाषेत त्या नावाचा मूळ अर्थ 'वाईट रंगाचा' असा होतो म्हणतात. नाव असे, पण गोव्याच्या माणसाला विचाराल, तर तो हापूसला बाजूला सारून मानकुराद पुढे करील.

मग घाटावर काय लावावे? माझे मत विचाराल तर केसर. हा मूळचा गुजरातेतला, जुनागढकडचा. १९३४ साली तिथल्या नबाबाने त्याच्या गराचा केशरी रंग पाहून हे नाव दिले असे सांगतात. कोरडी हवा, कडक ऊन याची त्याला सवय आहे. फळ बऱ्यापैकी नेमाने येते. रसाला रंग सुरेख येतो आणि रस गोड होतो. मराठवाड्यात आज केसरच्या बागाच्या बागा उभ्या आहेत, आणि 'मराठवाडा केसर' या नावालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे परमुलखातून आलेले झाड इथलेच होऊन गेले.

कोकणात ज्यांना हापूसची गोडी हवी पण साका नको, त्यांच्यासाठी रत्ना आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून हा काढला आणि १९८१ साली तो लोकांच्या हाती दिला. फळ हापूसपेक्षा मोठे, गरात दोरे नाहीत, साका नाही, आणि धरतो दर साल. झाडही फार उंच जात नाही. त्याच केंद्रात रत्ना आणि हापूस यांच्यापासून सिंधू तयार झाला, १९९२ साली. त्याची कोय इतकी पातळ, की मुले ती हातात घेऊन बघत बसतात. खायला गरच गर. पण ज्या घरात बाठा चोखणारी पोरे आहेत, तिथे सिंधूबद्दल तक्रार येते असे मी ऐकले आहे!

जागा अगदीच थोडी असेल, तर आम्रपालीचा विचार करावा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून हा झाला. झाड ठेंगणे राहते. फळ लहान, पण गोड, आणि गर गडद नारिंगी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तो उशिरा पिकतो. आपल्याकडे तोवर पाऊस येतो, आणि पावसात फळमाशी फळ नासवते.

आता आईचे म्हणणे राहिले. घरात आंबा कशाला लागतो, हे आधी बसून ठरवावे. आणि ठरवताना घरच्या बायकांना विचारावे. कैरी सोलते कोण, लोणचे घालते कोण, रस काढते कोण? आमरस ज्यांना प्रिय, त्यांना पायरी उत्तम. पातळ, रसाळ, लवकर येणारा. पण तो टिकत नाही; पिकला की चार दिवसांत संपवावा लागतो. लोणच्याला कैरी टणक आणि आंबट हवी. त्यासाठी रायवळ चालतो, किंवा कोकण रुची नावाची लोणच्यासाठीच काढलेली जात आहे. तोतापुरीची कैरी तिखटमीठ लावून खायला झकास. पिकलेला तोतापुरी मात्र मला स्वतःला पांचट लागतो.

जात ठरली, की जागा पाहा. आंब्याला दिवसभर ऊन हवे. पाणी साचून राहणारी चिबड जमीन नको. खाली चुनखडीचा थर असेल, तर झाड काही वर्षे बरे वाढते आणि मग खुरटते. म्हणून खड्डा खणताना खालची माती हातात घेऊन बघावी. बागेत दोन झाडांमध्ये १० मीटर अंतर ठेवण्याची जुनी रीत आहे. घरी भिंतीपासून निदान ५ मीटर तरी दूर लावा. वर विजेच्या तारा आहेत का, तेही बघा. आज गुडघ्याएवढे असलेले रोप वीस वर्षांनी कौलांवर टेकते.

रोप घ्यायचे ते शक्यतो सरकारी किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्यावे. दापोली, राहुरी, परभणी, अकोला इथे विद्यापीठे आहेत. तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी केली, तर जवळची रोपवाटिका कळते. पावती मागून घ्या आणि तिच्यावर जातीचे नाव लिहवून घ्या. वाचता येऊ लागले आहे, तर ती पावती तिथेच उभे राहून वाचा. मग रोप न्याहाळा. खोडावर जोडाची खूण दिसली पाहिजे. जोड पक्का हवा; हलक्या हाताने वाकवला तर उघडता कामा नये. जोडाच्या वरची फूट हिरवी आणि तजेलदार हवी. सर्वांत उंच रोप घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळा. पिशवीत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळे पिशवीतच गुंडाळलेली असतात.

खड्डा उन्हाळ्यातच खणावा. एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. तो तापू द्यावा. पाऊस येण्याआधी चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेले शेणखत आणि थोडे सुपर फॉस्फेट मिसळून भरावा. पाऊस पडून माती बसली, की कलम लावावे. पिशवी फाडून काढावी. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडू नका. शेजारी काठी रोवून सैल दोरीने कलम बांधा. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल, तर जोड भक्कम झाल्यावर ती सोडा, नाही तर खोडाला काच पडतो.

आणि भोवती काट्यांचे कुंपण करा. शेळी विसरू नका.

पुढे दोन-तीन वर्षे एक काम नेमाने करायचे. आठवड्यातून एकदा खाली वाकून जोडाखाली बघायचे. धुमारा दिसला, की कोवळा असतानाच खुडून टाकायचा. दया दाखवायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कलमाला मोहोर येतो. तोही काढून टाकावा. हे काम फार जिवावर येते. पण लहान झाडाने फळ धरले, की वाढ खुंटते. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मोहोर ठेवा.

आता तुम्ही विचाराल, बार्शीच्या त्या झाडाचे पुढे काय झाले? वडील गेल्यावर मी ते तोडायला निघालो होतो. कृषी खात्यातल्या एका जाणत्या माणसाने हात धरला. तो म्हणाला, "तोडता कशाला? बुंधा निरोगी आहे, मुळं खोल गेली आहेत. वरचं डोकं बदला."

पावसाळा संपल्यावर आम्ही मोठ्या फांद्या बुंध्यापासून दोन-अडीच हातांवर करवतीने कापल्या. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावली, म्हणजे बुरशी धरत नाही. झाड बोडके झाले. शेजारीपाजारी हसले. काही दिवसांनी फांद्यांवर धुमारे फुटले. प्रत्येक फांदीवर दोन-तीन जोमदार ठेवले, बाकीचे काढले. ते पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांवर केसरच्या काड्या पाचर मारून बांधल्या. पंधरा बांधल्या, अकरा जगल्या. वाऱ्याने मोडू नयेत म्हणून त्यांना बांबूच्या कामट्यांचा आधार दिला.

तिसऱ्या वर्षी केसर लागला. जुन्या झाडाची मुळे तयारच असतात, म्हणून नव्या कलमाइतकी वाट बघावी लागत नाही. रस काढला तेव्हा आईने पहिली वाटी वडिलांच्या फोटोपुढे ठेवली.

गोठ्याकडची एक फांदी मात्र आईने कापू दिली नव्हती. "एवढी राहू दे," ती म्हणाली. त्या फांदीला अजून तीच दोऱ्यांची आंबट फळे लागतात. चैत्र संपता संपता त्या कैऱ्या आम्ही उतरवतो, आणि बरणी भरतो.